हुपरी : गाव की शहर?

समजा भूगोलाच्या तासाला बाईंनी एक साधा प्रश्न घातला, "भारतातील दहा मोठी शहरे लोकसंख्येच्या क्रमाने लिहा." तुम्ही आणि तुमच्या बाकावरचा मित्र, दोघांनीही २०११ सालच्या जनगणनेचे आकडे पाहून उत्तर लिहिले. तुमच्या यादीत कोलकाता तिसरे आले, मित्राच्या यादीत ते थेट सातवे. बाईंनी मात्र दोघांनाही पुरे गुण दिले! हे कसे काय? बाईंकडून चूक तर झाली नाही ना?

चूक मुळीच नाही. दोन्ही याद्या जनगणनेच्याच आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. आकडे लाखांत आहेत.

तुमची यादी : मुंबई १८४, दिल्ली १६३, कोलकाता १४१, चेन्नई ८७, बेंगळूरू ८५, हैदराबाद ७७, अहमदाबाद ६४, पुणे ५०, सुरत ४६, जयपूर ३१.

मित्राची यादी : मुंबई १२४, दिल्ली ११०, बेंगळूरू ८४, हैदराबाद ६७, अहमदाबाद ५६, चेन्नई ४६, कोलकाता ४५, सुरत ४५, पुणे ३१, जयपूर ३०.

(२०२१ साली ठरलेली जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साली घेण्याचे सरकारने जाहीर केले आहे. म्हणून आपल्याला अजून २०११च्या आकड्यांवरच भागवावे लागते.)

मित्राने महानगरपालिकेच्या हद्दीत राहणारी माणसे मोजली. तुम्ही त्या हद्दीला लागून असलेली, मधे शेत-रान न येता सलग पसरलेली सारी वस्ती मोजली. या सलग वस्तीला जनगणनेत 'नागरी समूह' म्हणतात. मुंबईचेच उदाहरण घ्या आणि कागदावर बेरीज करा. बृहन्मुंबई १२४.४, ठाणे १८.४, कल्याण-डोंबिवली १२.५, नवी मुंबई ११.२, मीरा-भाईंदर ८.१, उल्हासनगर ५.१, अंबरनाथ २.५ आणि बदलापूर १.७. किती आले? १८३.९. म्हणजेच तुमच्या यादीतले १८४! लोकलने बदलापूरहून दादरला कामावर जाणारा माणूस तुमच्या यादीत मुंबईकर आहे, मित्राच्या यादीत नाही.

कोलकात्याचेही तसेच. हुगळी नदीचा पूल ओलांडला की हावडा लागते, पण त्याची महानगरपालिका वेगळी आहे. नदीच्या दोन्ही काठांनी अशा अनेक नगरपालिकांची माळच लागली आहे. त्या धरल्या तर १४१ लाख, सोडल्या तर ४५ लाख. आपल्या पुण्याचे ३१ चे ५० होतात, ते पिंपरी-चिंचवड आणि छावणी भाग धरल्यामुळे.

बेंगळूरूचे आकडे मात्र दोन्ही यादींत जवळजवळ सारखे आहेत. कारण २००७ साली तेथील महापालिकेची हद्दच बाहेर ढकलून भोवतालची छोटी शहरे आणि शंभरावर खेडी पोटात घेतली. २०२५ साली त्या एका महापालिकेच्या पाच महापालिका करण्यात आल्या. पुढच्या जनगणनेनंतर एखाद्या विद्यार्थ्याने मित्राच्या पद्धतीने यादी केली, तर बेंगळूरू कितव्या क्रमांकावर जाईल, याचा विचार करा. चेन्नईत याच्या उलट घडले. फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये शिरगणती झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली. वीस लाखांहून अधिक माणसे घर न बदलता, पेटी न उचलता एका दिवसात 'चेन्नईवासी' झाली.

यावरून ध्यानात येईल की शहर किती मोठे, हे विचारण्याआधी शहर कोठे संपते हे विचारावे लागते. त्याही आधीचा एक प्रश्न आहे : शहर म्हणावे तरी कशाला? त्याचे उत्तर शोधायला मुंबई-दिल्लीला जाण्याचे कारण नाही. आपण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला जाऊ.

कोल्हापूरहून हुपरी सुमारे वीस किलोमीटर. तालुका हातकणंगले. वाटेत दोन्ही बाजूंना उसाचे मळे. पट्टण कोडोली मागे पडली की थोड्या वेळात हुपरी येते. रेल्वे नाही, नदीवरचे बंदर नाही, राजधानीचा इतिहास नाही. गल्लीतून चालू लागा. घराघरांतून बारीक हातोड्यांची टकटक ऐकू येते. कोठे भात्याची फुरफुर, कोठे तेजाबाचा उग्र वास. हे चांदीचे गाव. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे, घुंगरू असे दागिने येथे होतात आणि देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात.

या हुपरीची लोकसंख्या २०११ साली पंचवीस हजारांच्या वर गेली होती. तरीही त्या वेळी तेथे नगरपालिका नव्हती, ग्रामपंचायत होती. म्हणजे कारभाराच्या दृष्टीने ते खेडे. परंतु जनगणनेच्या पुस्तकात हुपरीचे नाव शहरांच्या रकान्यात छापलेले आहे! एकच वस्ती एका सरकारी दप्तरात खेडे आणि दुसऱ्यात शहर, ही गंमत समजून घेण्याजोगी आहे.

भारताच्या जनगणनेत एखादी वस्ती दोन मार्गांनी शहर ठरते. पहिला मार्ग कायद्याचा. जेथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ आहे, ते शहर. अशा शहरांना वैधानिक शहरे म्हणतात. दुसरा मार्ग कसोटीचा. कायद्याने गाव असले तरी पुढील तीन गोष्टी तेथे एकदम लागू पडल्या, तर जनगणना त्या गावाला शहर मानते. लोकसंख्या निदान ५,००० हवी. दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे हवीत. आणि पुरुष कामगारांपैकी निदान ७५ टक्के शेतीखेरीज इतर कामांत असावेत. यांना 'जनगणना शहरे' म्हणतात. १९६१च्या जनगणनेपासून ही कसोटी थोड्याफार फरकाने चालत आली आहे.

पहिल्या दोन अटी आपल्याकडची कितीतरी मोठी गावे सहज पार करतात. पाच हजार वस्तीची गावे ऊसपट्ट्यात पैशाला पासरी. अडते ते तिसऱ्या अटीपाशी. गाव दहा हजारांचे असेल, पण निम्मे पुरुष शेतावर राबत असतील, तर जनगणना त्याला गावच म्हणते. हुपरी तिसऱ्या अटीत उतरली ती चांदीमुळे.

या कसोटीत एक खोट आहे, ती येथेच सांगून टाकतो. ती फक्त पुरुषांचे काम पाहते. हुपरीच्या घरात बसून बायका घुंगरू जोडतात, साखळीच्या कड्या ओवतात. घरचा स्वयंपाक उरकला की दुपारभर हे काम चालते. धंद्याचा मोठा भार त्यांच्या बोटांवर आहे. पण गाव शहर झाले की नाही हे ठरवताना त्यांची गणती नाही. नियम करणाऱ्यांचे म्हणणे असे की बायकांच्या शेतीकामाची नोंद ठिकठिकाणी कमीजास्त होते, म्हणून तुलना बिघडते. मला हे कारण लंगडे वाटते. नोंद बिघडते म्हणून नोंद सुधारावी, माणसे का गाळावीत?

आता मुख्य प्रश्न. चांदी हुपरीत सापडत नाही. तेथे खाण नाही. माल खपतो तोही दूरदूरच्या पेठांत. मग धंदा येथे कसा टिकला? याचे उत्तर सापडले की मोठ्या शहरांचेही एक कोडे सुटते.

हुपरीच्या शिवारात दोन उद्योग शेजारी शेजारी आहेत : एक साखरेचा, एक चांदीचा. हुपरी-यळगूडला सहकारी साखर कारखाना आहे. उसाचे गणित पाहा. एक टन ऊस गाळला की या भागात साधारण ११० ते १२० किलो साखर मिळते. बाकीचे चिपाड, मळी आणि पाणी. शिवाय तोडलेला ऊस ठेवला तर वाळतो आणि त्यातली साखर घटू लागते. असा ऊस पाचशे किलोमीटर वाहून नेणे म्हणजे ट्रकमधून पाणी आणि चिपाड फिरवणे! म्हणून साखर कारखाना उसाच्या मळ्यालगतच हवा. कच्चा माल पक्क्या मालाहून फार जड असेल, तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो, हे आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली मांडले.

चांदीचे उलट आहे. एक किलो चांदी आत आली की जवळजवळ एक किलोचे दागिने बाहेर पडतात. वाया जाणे म्हणून नाहीच. कामाच्या खोलीतला केरसुद्धा फेकत नाहीत, त्यातून चांदीचे कण परत काढतात. आणि किंमत? एक टन उसाच्या पैशात आज पन्नास ग्रॅमही चांदी येणार नाही. एवढी किंमत असलेला हलका माल एसटीच्या बसमधून पिशवीत नेता येतो. वाहतुकीचा खर्च नगण्य. म्हणून चांदीच्या धंद्याला खाणीजवळही राहावे लागत नाही आणि पेठेजवळही. तो जेथे कसबी हात आहेत तेथे राहतो.

कसबी हात एका ठिकाणी गोळा झाले की आणखी एक गोष्ट घडते. एक पैंजण किती हातांतून जाते ते पाहा. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते. मुशीत ती वितळवून तिची लगड ओततात. निखळ चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात तांबे मिसळतात; चांदीचा कस किती, याला धंद्यात 'टंच' म्हणतात. मग एकजण पत्रा लाटतो. एकजण जंतराच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तार काढतो. तिसऱ्या घरी कड्या होतात, चौथ्या घरी घुंगरू. पाचवा डाक लावून सांधतो. नंतर तेजाबात धुणे आणि शेवटी झिलई. एका घराने ही सगळी कामे करायची म्हटली तर प्रत्येक कामाची हत्यारे घ्यावी लागतील आणि हात कोणत्याच कामात बसणार नाही. पण गल्लीत शंभर घरे असली की एकेक घर एकेका कामात तरबेज होते.

आता टंच काढून देणाऱ्याचा विचार करा. त्याला रोज पुरेशी गिऱ्हाईके हवीत, नाही तर त्याची उपकरणे गंजतील. चांदीचे चार कारागीर असलेल्या गावात त्याचे पोट भरणार नाही. हुपरीत भरते. हुपरीपेक्षा दहापट मोठ्या एखाद्या शहरात असा माणूस कदाचित सापडणारही नाही! प्रत्येक दुकानाला, प्रत्येक कसबाला जगण्यासाठी काही एक किमान गिऱ्हाईक लागते. मिठाचे दुकान वाडीवरही चालते, चष्म्याच्या दुकानाला मोठे गाव लागते, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाला शहर लागते. वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ साली दक्षिण जर्मनीतील गावे अभ्यासून हे तत्त्व मांडले. हुपरी त्यात एक पुरवणी जोडते : लोकसंख्या थोडी असली तरी एकाच धंद्याची माणसे दाट असतील, तर त्या धंद्यापुरते छोटे गावही महानगरासारखे वागते.

याच भिंगातून आता आपल्या यादीकडे पाहा. सुरत का वाढली? हिरे. हिराही हलका, मौल्यवान, बाहेरून येणारा आणि बाहेर जाणारा. पैलू पाडणारे हात सुरतेत जमले, आणि त्यांच्या जोडीला यंत्रमागाचे कापड. १९८१ साली नऊ लाखांची असलेली सुरत २०११ साली ४६ लाखांवर गेली. सुरतेत जे एका शहरात आहे ते आपल्याकडे दोन ठिकाणी वाटले गेले आहे : चांदी हुपरीत आणि माग शेजारच्या इचलकरंजीत. जहागीरदारांच्या उत्तेजनाने १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला आणि २०२२ साली तेथे महानगरपालिका झाली.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई यांची गोष्ट मात्र जड मालाची आहे. कापूस, ताग, कोळसा, यंत्रे या वस्तू पिशवीतून जात नाहीत. त्यांना जहाज हवे, जहाजाला बंदर हवे. ईस्ट इंडिया कंपनीने जेथे वखारी घातल्या तेथे ही तिन्ही शहरे वाढली. १९११ साली राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा होईपर्यंत कोलकाता हिंदुस्थानची राजधानीही होती. त्यामुळे ते कितीतरी दशके देशातले सर्वांत मोठे शहर राहिले. तुमच्या आईवडिलांच्या शाळेच्या पुस्तकात, म्हणजे १९८१च्या जनगणनेवरून लिहिलेल्या पुस्तकात, पहिला क्रमांक कोलकात्याचाच सापडेल : ९२ लाख, आणि मुंबई ८२ लाख. १९९१ साली मुंबई पुढे गेली. आता दिल्ली सरसावली आहे. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम ही सलग वस्ती आपली जनगणना दिल्लीत धरत नाही, कारण ती दुसऱ्या राज्यांत पडते. संयुक्त राष्ट्रांनी ती धरून २०१८ साठी अंदाज केला, तेव्हा दिल्ली २८५ लाखांवर गेली आणि मुंबई बरीच मागे पडली.

शहरांच्या आकाराबद्दल आणखी एक मजेदार नियम आहे. अनेक देशांत दुसऱ्या क्रमांकाचे शहर पहिल्याच्या निम्मे, तिसरे एक-तृतीयांश, चौथे पाव, असे आढळते. भारताला लावून पाहा. १८४ चे निम्मे ९२; पण दिल्ली १६३. एक-तृतीयांश ६१, पण कोलकाता १४१. नियम साफ फसला! भारतात एक डोके नाही, निदान तीन आहेत. आता कोल्हापूर जिल्ह्याला लावा. कोल्हापूर शहर ५.४९ लाख, त्याचे निम्मे २.७५. इचलकरंजी किती? २.८७ लाख. किती जवळ! पण लगेच टाळ्या वाजवू नका. तिसरे शहर १.८३ लाखांचे हवे, आणि २०११ साली या दोन शहरांखेरीज जिल्ह्यातले एकही शहर एक लाखाचेसुद्धा नव्हते. एका आकड्याने नियम सिद्ध होत नाही, हे गणिताच्या सरांनाही आवडेल.

आता पुन्हा हुपरीत येऊ. कोणी म्हणेल, गाव म्हणा की शहर म्हणा, नावात काय आहे? हुपरीकरांना विचारा. पंचवीस हजार माणसांचे पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि कचरा ग्रामपंचायतीच्या मोजक्या माणसांनी आणि तुटपुंज्या पैशांत सांभाळायचा. त्यात घराघरांत भट्टी आणि तेजाब. धुण्याचे आम्लयुक्त पाणी साध्या उघड्या गटारात जाणे आणि नीट प्रक्रिया होऊन जाणे, यांत किती फरक आहे हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. शहराला नगररचनेचा आराखडा करावा लागतो. रस्ता किती रुंद, कारखाना कोठे, शाळा कोठे, हे आधी ठरते. गावात घर बांधून झाल्यावर रस्ता शोधतात.

पण दुसरी बाजूही खरी आहे. नगरपरिषद आली की घरपट्टी वाढते, बांधकामाच्या परवानगीचे नियम कडक होतात आणि केवळ ग्रामीण भागासाठी असलेल्या योजना त्या वस्तीला मिळेनाशा होतात. गावात शेतमजुरी करणारी कुटुंबेही असतात. त्यांना शहर होणे महाग पडू शकते. म्हणूनच महाराष्ट्रातली कित्येक मोठी गावे नगरपालिका मागतात आणि कित्येक ती नको म्हणतात. दोघांचीही कारणे खरी असतात.

हुपरीत अखेर नगरपरिषद झाली आणि २०१७च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक पार पडली. आपल्या राज्यात पंचवीस हजारांवरील वस्तीला नगरपरिषद देता येते. चाळीस हजारांपर्यंतची 'क' वर्गाची, एक लाखापर्यंतची 'ब' आणि त्यावरील 'अ'.

हुपरी ही एकटी नव्हती. देशात २००१ साली १,३६२ जनगणना शहरे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! याच काळात वैधानिक शहरे फक्त ३,७९९ वरून ४,०४१ वर गेली. यादीतल्या दहा नावांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण २०११ साली शहरांत राहणाऱ्या ३७.७ कोटी भारतीयांपैकी पुष्कळजण अशा ठिकाणी राहत होते, ज्यांची नावे शेजारच्या जिल्ह्यालाही ठाऊक नाहीत. गावातून उठून मुंबईला जाणारा माणूस आपल्याला दिसतो. जागच्या जागी शहर होणारे गाव दिसत नाही.

आता तुमचे काम. चारपाच जणांची टोळी करा आणि आपल्या गावची, वाडीची किंवा उपनगराची परीक्षा घ्या. ग्रामपंचायतीतून किंवा तलाठ्याकडून गावाचे क्षेत्रफळ हेक्टरांत मिळेल. शंभराने भागले की चौरस किलोमीटर. लोकसंख्येला त्याने भागा. मग वेगवेगळ्या गल्ल्यांतील मिळून शंभर घरांत जा आणि वर्षातले सहा महिने किंवा अधिक काळ घरातील कोण काय काम करते ते लिहा. एकाच आळीतली शंभर घरे घेऊ नका. सोनार आळीत गेलात तर सगळे गाव सोनार दिसेल. दोन रकाने ठेवा. पहिल्यात फक्त पुरुष, जनगणनेच्या नियमाप्रमाणे. दुसऱ्यात पुरुष आणि बायका दोघेही. शेतावर जाणारी, घरी विड्या वळणारी, शिवण करणारी, म्हशीचे दूध डेअरीला घालणारी, सगळ्या. दोन्ही रकान्यांची टक्केवारी काढा. पहिल्या रकान्याने तुमचे गाव शहर ठरते आणि दुसऱ्याने खेडे, किंवा याच्या उलट, असे झाले तर ते वर्गात फळ्यावर मांडा आणि सरांना विचारा, यांपैकी कोणता आकडा खरा धरावा?